डोंगरावरची शेती आणि खताची पाटी

(नभोवाणीवर दिलेलें भाषण)

हल्लीं शहरांतील सुशिक्षित घरांतून सेंद्रिय धान्य हा शब्द वारंवार ऐकूं येतो. रासायनिक खत न घालतां व विषारी औषध न फवारतां पिकविलेलें धान्य आपल्या मुलांच्या ताटांत पडावें, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि स्तुत्यहि आहे. असें धान्य मिळेल कोठें, असा प्रश्न निघाला, कीं पुष्कळांचें बोट सह्याद्रीकडे वळतें. "डोंगरांतले लोक अजून जुन्या वळणानेंच शेती करतात. त्यांना रसायनें कोठून ठाऊक? त्यांची शेती मुळांतच सेंद्रिय!" असें मोठ्या विश्वासानें बोललें जातें. हा समज अर्धा खरा आहे. आणि निव्वळ खोट्या समजानें जितका घोटाळा होत नाहीं, तितका अर्ध्या खऱ्या समजानें होतो. डोंगरांतल्या शेतकऱ्यास सेंद्रिय शेती सोपी नसून सर्वांत कठीण कां आहे, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

मी शेतकी खात्यांतला अधिकारी नव्हे, आणि शास्त्रज्ञ तर नव्हेच. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर. परंतु नोकरीचीं बहुतेक वर्षें घाटमाथ्याजवळच्या गांवांतून गेलीं, आणि ज्यांच्या मुलांस शिकविलें त्यांच्या बांधावर बसून चार गोष्टी बोलण्याचा प्रसंग नेहमींच येत गेला. त्यांचा हिशेब मला जसा समजला, तसाच तो आपणांस सांगतों.

प्रथम व्याख्या स्पष्ट करूं. सेंद्रिय शेती म्हणजे केवळ रसायन न वापरणें नव्हे. पीक जमिनींतून जें उचलून नेतें, तें शेणखताच्या, पालापाचोळ्याच्या, हिरवळीच्या खताच्या किंवा द्विदल पिकांच्या फेरपालटाच्या वाटेनें जमिनीस परत करणें, हा तिचा गाभा आहे. जो शेतकरी युरिया टाकीत नाहीं, परंतु त्याच्या जागीं दुसरेंहि कांहीं टाकूं शकत नाहीं, त्याच्या शेतीस सेंद्रिय म्हणतां येणार नाहीं. ती उपाशी शेती होय. आपण शहरांतले लोक ज्या शेतीचें कौतुक करतों, तिच्यापैकीं कितीएक शेती अशी उपाशी आहे.

उदाहरण डोळ्यांपुढें असावें म्हणून अकोले तालुक्याचा पश्चिम भाग घेऊं. हा तालुका अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांत आहे. महाराष्ट्रांतलें सर्वांत उंच, १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर याच्याच सीमेवर आहे. रतनगड आणि हरिश्चंद्रगड येथेंच आहेत. १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरणहि येथेंच आहे. त्याचें पाणी मात्र खालच्या सपाटीवरच्या उसास जातें. वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर लोकांची. खाचरांत भात, आणि उतारावर नागली, वरई व खुरासणी हीं त्यांचीं पिकें. घाटघर-रतनवाडीच्या बाजूस वर्षाकाठीं चार ते पांच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत.

या पावसाचा शेतीवर काय परिणाम होतो? उतारावरची माती मुळांतच पातळ असते. कोठें वीतभर, कोठें त्याहून कमी, आणि खालीं खडक. आषाढांतल्या पाण्याचा लोंढा त्या मातीबरोबर तिच्यांतला कसहि वाहून नेतो. शेतकऱ्यानें उन्हाळ्यांत खत टाकून ठेवलें आणि पहिलाच पाऊस मुसळधार पडला, तर त्या खताचा मोठा वांटा ओढ्याला जातो. सपाटीवरच्या काळ्या जमिनींत एकदां घातलेलें खत दोन-तीन वर्षें पुरतें, असें म्हणतात. डोंगरांत तें एक पावसाळा पुरलें तरी नशीब.

जुन्या लोकांना हें ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं उतारावरच्या जमिनीसाठीं निराळीच व्यवस्था केली होती. एका तुकड्यांत पहिल्या वर्षीं नागली, दुसऱ्या वर्षीं वरई, तिसऱ्या वर्षीं खुरासणी, आणि नंतर कांहीं वर्षें तो तुकडा पड. त्या पडीच्या वर्षांत गवत व झुडपें वाढत, त्यांचा पाला कुजे, गुरें चरून तेथेंच शेण टाकीत, आणि जमीन पुन्हां उभी राही. खताची पाटी कोणी न वाहतां जमिनीस खत मिळण्याचा हा मार्ग होता. पुढें घरें वाढलीं, भावाभावांच्या वांटण्या झाल्या, आणि वीस एकरांच्या जागीं दोन-तीन एकर आले. दोन एकरवाल्यानें पड कोठें टाकावी? पड गेली, आणि पडीबरोबर खतहि गेलें. जुनी पद्धत अजून चालूं आहे असें जें आपणांस वाटतें, त्यांत तिचें नांव तेवढें राहिलें आहे; तिचा प्राण जी विश्रांति, ती केव्हांच नाहींशी झाली.

आतां पड नाहीं, म्हणजे खत बाहेरून आणून घातलें पाहिजे. येथें थोडें गणित करूं. शाळामास्तराची ही खोड आपण क्षमा करालच. युरियाची एक गोणी ४५ किलोची असते. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतो, म्हणजे एका गोणींत सुमारें २०.७ किलो नत्र झाला. साधारण शेणखतांत नत्र शेंकडा अर्धा भाग धरतात. तेव्हां एका गोणीइतका नत्र शेणखतांतून द्यावयाचा, तर चार हजार किलोंहून अधिक शेणखत लागेल. बाईमाणसाच्या डोक्यावरची पाटी वीस किलोंची धरली, तर या दोनशेंहून अधिक पाट्या होतात. शेणखतांतला नत्र पहिल्याच हंगामांत सगळा पिकास मिळत नाहीं, तो हळूंहळूं सुटतो, ही गोष्ट वेगळीच.

शेणखताची बाजू घेणारा म्हणेल, कीं तें केवळ नत्र देत नाहीं. स्फुरद, पालाश आणि मातीस धरून ठेवणारा ह्यूमसहि देतें. हें पूर्ण खरें आहे, आणि उतारावरच्या मातीस तर त्याचीच अधिक गरज आहे. परंतु पाट्यांची संख्या त्यामुळें कमी होत नाहीं. सपाटीवर बैलगाडी किंवा ट्रॅक्टर थेट शेतांत जातो. डोंगरांत पायवाट असते, चढ असतो. एका बाजूस सवलतीच्या किंमतींत, सुमारें अडीचशें रुपयांस मिळणारी व एका खेपेंत येणारी गोणी, आणि दुसऱ्या बाजूस दोनशें पाट्या, चढावरून, अनवाणी. या दोहोंतून शेतकऱ्यानें गोणी निवडली, तर त्याला अडाणी किंवा लोभी म्हणण्याचा अधिकार पंख्याखालीं बसलेल्या माणसास कितपत पोंचतो, याचा विचार आपण करावा.

बरें, त्या दोनशें पाट्या भरावयास शेण तरी हवें ना? या भागाचें खास जनावर म्हणजे डांगी. त्याच्या कातडींतून तेलकट स्राव येतो, त्यामुळें तें मुसळधार पावसांतहि तग धरतें; चिखलांत नांगर ओढण्यास त्याच्यासारखें दुसरें नाहीं. परंतु चराऊ रानें आटलीं, गुराखी मुलें शाळेंत येऊं लागलीं, आणि चिखलणीस लहान यंत्रें भाड्यानें मिळूं लागलीं. मुलें शाळेंत आलीं याचें दुःख मी करावें अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं! परंतु त्याचा परिणाम गोठ्यावर झाला, ही वस्तुस्थिति आहे. ज्या दारीं पूर्वीं आठ-दहा गुरें बांधलेलीं असत, तेथें हल्लीं दोन दिसतात, कोठें दोन शेळ्याच. शिवाय जें शेण मिळतें, त्यांतलें कांहीं रानांतच पडतें, कांहीं सारवणास लागतें, कांहींच्या गोवऱ्या होतात. आणि उरल्यापैकीं बराच भाग राबांत जातो.

राब हा शब्द शहरांत कित्येकांस अपरिचित असेल. ज्या तुकड्यांत भाताचें रोप टाकावयाचें, त्यावर उन्हाळ्यांत शेणाचा थर देतात. त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा व गवत, आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर घालून तें सारें भाजतात. यानें तणाचें बीं मरतें, राख मिळते, रोप जोमानें येतें आणि उपटतांना मुळें तुटत नाहींत. ज्या शेणाचें व पाल्याचें उत्तम खत झालें असतें, तें जळून जातें, झाडें ओकींबोकीं होतात, म्हणून सुशिक्षित मनुष्य राबाची निंदा करतो. निंदा करणें सोपें आहे. परंतु पावसांत वाफ्यांत माजणारें तण उपटावयास माणसें कोठून आणावीं, याचें उत्तर निंदकापाशीं नसतें. राब हा शेतकऱ्याचा तणावरचा उपाय आहे. तो सोडा म्हणण्यापूर्वीं दुसरा उपाय हातीं दिला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, कीं कंपोस्ट करावें. कंपोस्टाच्या शास्त्राशीं मराठी माणसाचा जुना संबंध आहे. इंदूर येथील संशोधन संस्थेंत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत जी पद्धत बसविली, ती इंदूर पद्धत म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. आणि १९३१ सालीं तिच्यावर जो ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड यांच्या नांवाबरोबर यशवंत वाड यांचेंहि नांव आहे. पद्धत उत्तमच आहे. परंतु ती माळव्याच्या सपाटीवर बसविलेली आहे. तिला काडीकचरा भरपूर हवा, ओलावा सतत पण बेताचा हवा, आणि ढीग वेळोवेळीं उलथावयास हात हवेत. घाटमाथ्यावर पावसाळ्यांत खड्डा भरून वाहतो, खत कुजण्याऐवजीं सडतें. उन्हाळ्यांत याच गांवांत पिण्याच्या पाण्याचे हाल! चार हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गांवांतल्या बायका वैशाखांत झऱ्यावर हंडे घेऊन ताटकळत असतात. हंडाभर पाणी घरांत प्यावयाचें, कीं कंपोस्टाच्या ढिगावर शिंपावयाचें, हा प्रश्न तेथें थट्टेचा नाहीं.

राहिला हातांचा प्रश्न. याचा पुरावा माझ्या शाळेच्या हजेरीपटांत होता. दिवाळीची सुटी संपून शाळा भरली, कीं वर्गांतलीं कितीतरी मुलें गैरहजर लागत. भाताची झोडणी आटोपून आईबापांनीं बिऱ्हाड पाठीवर घेतलेलें असे. कोणी नारायणगांव-जुन्नरकडे भाजीपाल्याच्या व द्राक्षांच्या मळ्यांवर, तर कोणी संगमनेरकडे मजुरीस. मुलेंहि बरोबर जात. पावसाच्या तोंडावर हीं कुटुंबें परत येत. आतां पाहा, बांध घालणें, खड्डे भरणें, ढीग उलथणें, खत शेतांत पोंचविणें हीं सेंद्रिय शेतीचीं कामें मुख्यतः पौषापासून ज्येष्ठापर्यंतचीं आहेत. आणि नेमक्या त्याच महिन्यांत गांव रिकामें असतें. दोन एकरांच्या भातानें वर्ष निघत नाहीं, म्हणून मनुष्य गांव सोडतो. गांव सोडतो म्हणून खत होत नाहीं. खत होत नाहीं म्हणून भात वाढत नाहीं. हें चक्र उपदेशानें तुटणारें नव्हे.

कल्पना करा, कीं एखाद्या जिद्दीच्या कुटुंबानें हें सारें साधलें. तरी त्याच्यापुढें आणखी एक अडचण उभी राहते, व ती डोंगराच्या उतारांतूनच निघते. खाचरें पायऱ्यांसारखीं एकाखालीं एक असतात, आणि पाणी वरच्या खाचरांतून खालच्यांत उतरतें. वरच्यानें युरिया टाकला, कीं तो विरघळून खालच्याच्या शेतांत येणारच. सपाटीवर कुंपण घालून एकट्यानें नेम पाळतां येतो; उतारावर नेम पाळावयाचा तर साऱ्या पाणलोटानें मिळून पाळला पाहिजे. एका घराची ही प्रतिज्ञा नाहीं, गांवाची आहे. आणि गांवाचें एकमत होणें किती दुर्घट, हें ग्रामपंचायतीची निवडणूक पाहिलेल्यास सांगावयास नको.

यानंतर प्रमाणपत्र. आपल्या देशांत सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून चालूं आहे. त्याच्या नियमाप्रमाणें वार्षिक पिकांस साधारण दोन वर्षें, आणि फळझाडांसारख्या बहुवार्षिक पिकांस तीन वर्षें संक्रमणकाळ पाळावा लागतो. या काळांत रसायन बंद. परंतु माल सेंद्रिय म्हणून विकतां येत नाहीं. उत्पन्न घटावयाचें तें याच काळांत घटतें, आणि चढा भाव मिळावयाचा तो मात्र पुढें. प्रत्येक शेताचा नकाशा, बियाण्याची नोंद, खताची नोंद, तपासनिसाची फी हीं आणखी. ज्या शेताचा सात-बारा अजून आजोबांच्या नांवावर आहे, अथवा ज्या तुकड्याचा २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा लोंबकळत पडला आहे, त्याचे कागद कोणी जुळवावेत? २०११ पासून सहभागी हमीची दुसरी पद्धत निघाली आहे. तींत शेतकऱ्यांचा गट एकमेकांचीं शेतें पाहून ग्वाही देतो. खर्चहि फार कमी येतो. डोंगरी गांवास हीच बरी. परंतु तिलाहि वह्या लागतात, बैठका लागतात. आणि गट दिवाळीनंतर चार तालुक्यांत विखुरलेला असतो.

शेवटीं बाजार. आपण एकादशीस जी वरी खातों, ती बहुतेक अशाच डोंगरउतारावर पिकते. वरईचा दाणा बारीक, त्याचें टरफल कठीण. पूर्वीं बायका जात्यावर भरडून उखळांत कांडीत. अर्धा दिवस राबावें तेव्हां एका कुटुंबापुरती वरी निघे. गांवांत यंत्र नाहीं, म्हणून शेतकरी ती टरफलासकट आठवडे-बाजारांतल्या व्यापाऱ्यास देतो, आणि भरडण्याचा सारा नफा दुसरीकडे जातो. व्यापारी ती सर्व गांवांची वरई एकाच ढिगांत ओततो. ज्यानें दोनशें पाट्या वाहिल्या त्याची वरई, आणि ज्यानें गोणी फोडली त्याची वरई, दोघांना भाव एकच! २०२३ हें वर्ष जगभर भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें गेलें; शहरांत नागलीचीं बिस्किटें महाग विकलीं गेलीं. त्या किंमतींतला किती अंश घाट चढून वर गेला, हा प्रश्न प्रत्येक ग्राहकानें स्वतःस विचारावा.

मग डोंगरांत सेंद्रिय शेती अशक्यच आहे काय? तसें मुळींच नाहीं. हिमालयांतल्या सिक्कीम राज्यानें ती करून दाखविली आहे. तेथील सरकारनें २००३ सालीं संकल्प केला, रासायनिक खतांवरील सवलत क्रमाक्रमानें कमी केली, २०१० सालीं त्यासाठीं स्वतंत्र कार्य उभारलें, आणि २०१६ च्या जानेवारींत सुमारें ७५,००० हेक्टर जमिनीसह तें संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालें. तेथें पूर्वीं रसायनांचा वापर फारच थोडा होता, तरीहि बारा-तेरा वर्षें लागलीं. याउलट श्रीलंकेनें २०२१ च्या मे महिन्यांत रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद केली. भाताचें पीक घसरलें, डोंगरांतल्या चहाच्या मळ्यांस फटका बसला, आणि नोव्हेंबरांत बंदी मागें घ्यावी लागली. एकानें खतासाठीं वेळ दिला, दुसऱ्यानें नुसता हुकूम दिला. या दोन उदाहरणांतून घ्यावयाचा धडा हाच, कीं मातीस सहा महिन्यांची मुदत देऊन चालत नाहीं.

आपल्या सह्याद्रींतहि धरण्याजोग्या वाटा आहेत. अकोले तालुक्यांतल्याच कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांस शाळेंत जातां आलें नाहीं. परंतु त्यांनीं गांवठी बियाणें जमवून, जपून व वांटून जें कार्य केलें, त्यासाठीं त्यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. या कार्याचा आजच्या विषयाशीं निकटचा संबंध आहे. संकरित बियाणें भरपूर खत मागतें. गांवठी वाण थोड्या खतावर, पातळ मातींत, पावसाच्या माऱ्यांत तग धरतो. ज्याच्याजवळ खत थोडें, त्याला बीं असेंच हवें.

दुसरी वाट बांधावरच्या गिरिपुष्पाची. या झाडाची फांदी रोवली तरी जगते, ती भराभर वाढते, आणि तिचा पाला नत्रानें समृद्ध असतो. बांधावर गिरिपुष्प लावलें, कीं पाट्या वाहण्याचें काम बरेंच कमी होतें. कारण खत शेताच्या कडेसच उगवतें. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनीं भातासाठीं चार सूत्रें सांगितलीं. भाताचे अवशेष शेतांत परत घालणें, गिरिपुष्पाचा पाला चिखलांत गाडणें, थोडीं रोपें ठराविक अंतरावर लावणें, आणि खताच्या गोळ्या मातींत खोल खोंचणें, हीं तीं चार होत. यांतलीं पहिलीं तीन कोणत्याहि सेंद्रिय शेतकऱ्यास चालतील. चौथें चालणार नाहीं, कारण त्या गोळ्या युरियामिश्रित असतात. परंतु मी असें म्हणेन, कीं ज्यानें तीन सूत्रें पाळलीं आणि चौथ्यांत मूठभर गोळ्या वापरल्या, त्याला अपवित्र ठरवून दूर लोटूं नये. तो वाटेवर आहे. गिरिपुष्पाचें झाड मोठें होईल तसतशी त्याची मूठ आपोआप लहान होईल.

आतां आपला, म्हणजे शहरवासीयांचा वांटा. आपण शुद्ध अन्न मागतों, तेव्हां वस्तुतः दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर दोनशें पाट्या ठेवीत असतों. त्यांतल्या कांहीं आपणहि उचलाव्या, इतकेंच माझें मागणें आहे. तें कसें करावें? एक, संक्रमणकाळांतलें धान्य प्रमाणपत्र नाहीं म्हणून नाकारूं नका. तोच काळ सर्वांत कठीण असतो, तेव्हां त्याच काळांत बरा भाव द्या. दुसरें, चार-सहा घरांनीं मिळून एखाद्या गांवाच्या गटाशीं सरळ संबंध जोडा. २०१७ च्या नियमांप्रमाणें लहान उत्पादकानें थेट ग्राहकास विकलेल्या सेंद्रिय मालास प्रमाणपत्राची सक्ती नाहीं; तेथें विश्वास हेंच प्रमाणपत्र होय, आणि तो जाऊन, पाहून, बोलून मिळवावा लागतो. तिसरें, पैसे आगाऊ द्या, आणि ते दिवाळीनंतर द्या. दिवाळीनंतर हातीं पडलेल्या चार पैशांमुळें एखादें कुटुंब मळ्यावर न जातां घरीं राहिलें, तर त्याच उन्हाळ्यांत बांध होईल, खड्डा भरेल, आणि मूलहि शाळेंत राहील. चौथें, तांदूळ लालसर असला, दाणा आंखूड असला, वरींत थोडें टरफल राहिलें, तर नाक मुरडूं नका.

सरकारनें काय करावें, हें सांगणारे पुष्कळ आहेत. वरई भरडण्याचें यंत्र गांवोगांवीं असावें, उन्हाळ्यांतल्या खताच्या व बांधांच्या कामास रोजगार हमीची मजुरी मिळावी, आणि गटांस केवळ दोन-तीन वर्षेंच नव्हे तर माती सुधारेपर्यंत आधार द्यावा, एवढें मीहि म्हणेन. परंतु सरकारचें दार ठोठावीत असतां आपलें स्वतःचें दार बंद ठेवणें बरें नव्हे.

श्रोतेहो, सेंद्रिय धान्य घेतांना आपण विक्रेत्यास नेहमीं विचारतों, "यावर औषध मारलें नाहीं ना?" तो "नाहीं" म्हणतो, आणि आपलें समाधान होतें. यापुढें आणखी एक प्रश्न विचारीत जा: "याला खत कोठून आणलें, आणि तें कोणी वाहिलें?" या प्रश्नाचें उत्तर ज्याच्यापाशीं असेल, त्याचें धान्य घ्या, आणि भाव करतांना ते चढ आठवा.